टेलिफोनच्या खोक्यातली लिफ्ट

छबूबाईंना घराचा वरचा मजला कानांनी पाठ होता. डोळ्यांनी तो त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

मागच्या वर्षी कन्हेरीतल्या त्यांच्या घरावर दुसरा स्लॅब पडला आणि सगळा संसार वर गेला. चूल गेली, टीव्ही गेला, देव गेले, फ्रीज गेला, त्यांच्यामागोमाग मुलगा ज्ञानेश, सून अनिता आणि कॉलेजात जाणारी नात उत्कर्षा अशी माणसंही गेली. खालचा पुढचा भाग बुद्धघोष सोनवणे या तरुणाला खत-औषधांच्या दुकानासाठी भाड्यानं दिला. मागं एक खोली उरली, आणि तिच्यात छबूबाई उरल्या. वर जायला जिना होता, पण छबूबाईंच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं होतं.

त्यांना कुणी वाऱ्यावर सोडलं होतं असं मुळीच नाही. ताट वेळेवर खाली यायचं, चहा यायचा, गोळ्या यायच्या. माणसंही यायची, पण येताना बोलणं वरच ठेवून यायची. काय चाललंय वर, असं विचारलं की काही नाही, एवढंच उत्तर. आणि खाली उतरलेलं माणूस परत वर गेलं की लगेच हसण्याचा आवाज यायचा. काही नसताना माणसं एवढी हसतात कशाला, हा प्रश्न छबूबाईंना वर्षभर छळत होता.

म्हणून त्या खाटेवर पडून ऐकत. तुरूतुरू पावलं म्हणजे उत्कर्षा. धपधप म्हणजे ज्ञानेश. फरशीवर घासत जाणारी म्हणजे अनिता. एकच गोष्ट जमत नव्हती. रोज पहाटे कुणीतरी हळू चालत यायचं आणि बरोबर त्यांच्या खाटेच्या वर येऊन थांबायचं. बराच वेळ हालचाल नाही. छबूबाई खोकल्या, उठून बसल्या, की ती पावलं निघून जायची. ही अनिताच, असा त्यांनी निकाल दिला होता. एका जागी इतका वेळ रागावलेलंच माणूस थांबतं. शिवाय अधूनमधून अनिता अगदी उजाडता उजाडता खाली यायची आणि हळद हाय का, असं काहीतरी विचारून, हळद न घेता परत जायची. सगळे डबे वर असताना ही खाली हळद मागते, म्हणजे मनात काहीतरी आहेच.

त्यांची लेक मंदा वालचंदनगरला होती. नवरा कारखान्यात, राहायला क्वार्टर, तीही तळमजल्यावर. पायरी नाहीच, उंबरासुद्धा जेमतेम. संध्याकाळी आजूबाजूच्या बायका अंगणात खुर्च्या टाकून बसतात आणि सगळ्या क्वार्टरांच्या खबरा तिथं येऊन पडतात, हे मंदानं फोनवर मुद्दाम सांगितलं. आईला कशानं गळाला लावायचं हे लेकीला बरोबर ठाऊक होतं. छबूबाईंना कन्हेरी सोडायची नव्हती. पण डोक्यावर घर चालू आणि आपण त्याच्या तळाशी, हेही त्यांना सोसवेना. रविवारी गाडी घेऊन या, बघू, असं त्या म्हणाल्या. पिशवी भरायला घेतली.

ज्ञानेशला हे कळलं तेव्हा तो फक्त ‘बरं’ म्हणाला. आई, जाऊ नको, असं म्हणण्याची त्या घरातल्या पुरुषांना सवय नव्हती. त्यानं मोटारसायकल काढली आणि तो इंदापूरला भंगारवाल्याकडं गेला.

चौकस स्वभाव त्याच्यात आईकडूनच आला होता. फरक इतकाच की छबूबाई प्रश्न विचारून थांबायच्या आणि ज्ञानेश पाना घ्यायचा. गोठा आपोआप धुतला जावा म्हणून त्यानं एकदा मोठ्या दाबाच्या पाण्याची व्यवस्था केली होती. गोठा लख्ख झाला, पण गाई दावं तोडून शेजारच्या भागूबाईंच्या दारात गेल्या आणि तीन-चार दिवस तिथंच दूध देत राहिल्या. पाखरं हाकलायला त्यानं शेतात भोंगा बसवून त्यावर उत्कर्षाची किंकाळी लावली. पाखरांना तिची सवय झाली. गावाला झाली नाही. छपरावर काळी नळी गुंडाळून केलेल्या हिटरचं पाणी भर दुपारी उकळायचं, म्हणून घरानं काही दिवस दुपारी अंघोळ करून पाहिली.

लिफ्टच्या बाबतीत त्याचं म्हणणं सरळ होतं. कंपनीच्या लिफ्टमध्ये असतं काय? एक खोकं, एक दोर आणि एक मोटर. दोर आणि मोटर घरात होती. खोकं त्यानं इंदापुरातून आणलं.

ते जुनं टेलिफोनचं खोकं होतं. पूर्वी एसटी स्टँडपाशी असायचं तसं, माणूसभर उंच, तिन्ही बाजूंना काच, चौथ्या बाजूला दार. काचेवर पिवळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आत फोन ठेवायची फळी शाबूत होती आणि तिच्यावर पाटी होती: ‘कृपया बोलणे थोडक्यात आटपावे.’ ज्ञानेशनं खाली लोखंडी तळ आणि चारी बाजूंनी अँगल जोडले, पाटी तशीच ठेवली.

भागूबाई बघायला आल्या. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि ह्यात अजून फोन लागतो का, असं विचारलं. लागत नाही म्हटल्यावर त्यांचा रस कमी झाला, पण त्या घरी गेल्या नाहीत.

चुलत्याच्या शेतात विहीर खणायच्या वेळची यारी गंजत पडली होती. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढून काढायचं लोखंडी यंत्र. गावात आता कुणी विहीर खणत नाही, बोअर मारतात, त्यामुळं चुलत्यानं घेऊन जा म्हटलं. ती घराच्या मागच्या बाजूला गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी चढवली. त्याखाली वरच्या मजल्याची बाल्कनी. तिचा कठडा ज्ञानेशनं दाराएवढा कापला. यारीला त्यानं एक भंगारातला गिअरबॉक्स लावला. त्याचा गुण असा की मोटर बंद पडली तरी खोकं खाली येत नाही. हे तो प्रत्येकाला सांगायचा: काय पण होऊ द्या, आई पडायची न्हाय. बुद्धघोषनं यावर विचारलं की पडणार नाही हे ठीक, पण मग अडकली तर खाली कशी येणार. ज्ञानेश म्हणाला, अडकंल कशाला.

घरातली वीज त्या मोटरीला पुरेना. मग मागच्या वावरातल्या पंपाच्या पेटीतून वायर ओढली. शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. या आठवड्यात दिवसा होती, म्हणून लिफ्टही या आठवड्यात दिवसाची. पुढच्या आठवड्याचं काय, हाही प्रश्न बुद्धघोषनंच विचारला. तो शेतकी पदवीधर होता आणि प्रश्न विचारण्यात छबूबाईंच्या तोडीचा होता. दोघांचं त्यामुळंच पटायचं.

पेटीतला ऑटो मात्र ज्ञानेशनं तसाच राहू दिला. इथं प्रत्येक पंपाला ऑटो असतो. वीज आली की मालक झोपेत असो, लग्नात असो, मोटर आपली आपण सुरू होते. ही सोय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली की लिफ्टला ती नको, हे कुणाला सुचलं नाही. बुद्धघोषलाही नाही.

लिफ्ट कुठं थांबायची हे ज्ञानेशच्या बोटावर होतं. पेटीत एक दांडी होती, वर ढकलली की खोकं वर, खाली ओढली की खाली, मधे ठेवली की बंद. चाचणी युरियाच्या पोत्यांवर झाली. एक पोतं बसवून वर नेलं, खाली आणलं. मग दोन. छबूबाई खालून खुर्चीवर बसून बघत होत्या. मी किती पोती, असं त्यांनी विचारलं. ज्ञानेशनं त्यांच्याकडं बघून अंदाज घेतला आणि सव्वा म्हणाला. ही स्वतःची नवी ओळख छबूबाईंना आवडली. त्यांनी ती भागूबाईंनाही सांगितली आणि भागूबाईंची किती भरतील यावर दोघींचं थोडं वाजलं.

रविवारी सकाळी मंदा आणि जावई गाडी घेऊन आले. जावयांनी नवी कोरी पांढरी पँट घातली होती. मंदानं खोक्याकडं पाहिलं, वरच्या यारीकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं.

“दादा, माणूस घालणार हाईस ह्यात?”

“दोन पोती जाऊन आली,” ज्ञानेश म्हणाला.

मंदानं भरलेली पिशवी खोलीतून आणून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि ती खोक्यासमोर खुर्ची टाकून बसली. गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवा, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. छबूबाई म्हणाल्या, एकदा वर काय चालतं ते बघून येते, मग काय ते सांगते. म्हणजे सगळं त्या एका फेरीवर आलं होतं. हे ज्ञानेशला कळलं होतं, म्हणून त्यानं हात दोनदा पुसून मग दांडी धरली.

नारळ फोडला. छबूबाई आत गेल्या, दार लावून घेतलं, फोनच्या फळीला धरून उभ्या राहिल्या. मोटर गुरगुरली आणि खोकं सुटलं. जमीन खाली गेली. पहिल्यांदा त्यांना भागूबाईंच्या घराचं छप्पर दिसलं, त्यावर भागूबाईंनी हरवली म्हणून सांगितलेली छबूबाईंची परात वाळवणासकट दिसली. मग बुद्धघोषच्या दुकानाच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडवर पडलेले चेंडू दिसले, ओढ्यापलीकडचा ऊस दिसला. असं सगळं असतं होय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि त्यांचे डोळे वरच्या मजल्याच्या फरशीला टेकले तेवढ्यात खोकं थांबलं.

वीज गेली होती. नुसती गेली नव्हती. वावराकडून एक आवाज आला आणि डीपीवरून धूर निघाला. ज्या रोहित्रावरून सगळ्या शिवाराचे पंप चालतात त्याची केबल जळाली होती.

छबूबाई पडल्या नाहीत, याबद्दल ज्ञानेशचं म्हणणं खरं ठरलं. त्या कुठंच गेल्या नाहीत. खोक्याचं दार आता बाल्कनीखालच्या भिंतीला भिडलं होतं, उघडत नव्हतं. वरच्या बाजूला फक्त चार बोटांची फट होती आणि त्या फटीतून त्यांचे डोळे बाल्कनीची फरशी, तिच्यापलीकडं उघडं दार आणि आतला हॉल बघत होते. पुढची काही मिनिटं सगळ्यांनी एकमेकांना शांत राहायला सांगितलं. छबूबाई शांतच होत्या, त्या बघत होत्या.

त्यांच्याशी बोलायचं तर एकच उपाय होता. अनिता आणि उत्कर्षा बाल्कनीत पालथ्या पडल्या आणि हनुवटी फरशीला टेकवून बोलू लागल्या. मग ज्ञानेश येऊन पालथा पडला. जावई आले, पँटकडं एकदा बघून तेही पालथे पडले. वर्षभर जे घर छबूबाईंच्या डोक्यावरून चालत होतं, ते असं ओळीनं त्यांच्या डोळ्यांसमोर आडवं झालं. आणि कुणालाच उठून जाता येईना, कारण पहिला कोण उठणार.

चहाची वेळ झाली. कप फटीतून जात नव्हता. उत्कर्षानं ठिबकची नळी धुऊन आणली, एक टोक आजीच्या हातात दिलं, दुसऱ्या टोकाला नरसाळं लावून अनितानं चहा ओतला. नळीतून आलेल्या चहाला थोडी वावराची चव होती, पण छबूबाईंनी नावं ठेवली नाहीत. जावयांनी विचारलं की झाडाला पण असंच वाटत असेल का. यावर वर जे हसू उठलं त्यात छबूबाई होत्या. हसण्यासारखं खरंच काही नव्हतं, हेही त्यांना तिथंच कळलं.

खालून मंदाचा आवाज आला. तिला वर काय चाललंय ते कळत नव्हतं आणि कुणी सांगत नव्हतं. दांडी खाली ओढून ठेव, असं तिनं भावाला बजावलं. वीज आली की आई सरळ खाली येईल आणि गाडीत बसेल, बाकीचं पुढचं पुढं. ज्ञानेश उठला. त्यानं खाली जाऊन दांडी खाली ओढली. मग फटीपाशी परत आला.

“आई, वायरमन आलाय. मी तितं शिडी धरायला जातो. वीज आली की तू खाली येशील.”

“मग मी वर कवा जायची?”

ज्ञानेशनं खाली मंदाच्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं आणि वावराची वाट धरली. जावईही गाडीत जाऊन बसले. बाल्कनीत सासू, सून आणि नात उरल्या.

ऊन आत हॉलमध्ये तिरकं पसरलं होतं. उभ्या माणसाला चकचकीत दिसणारी फरशी, डोळे तिच्या बरोबरीला आणले की वेगळी दिसते. छबूबाईंना तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या पावलांचे डाग दिसत होते. सोफ्याखाली उत्कर्षाचं एक कानातलं होतं, ते त्यांनी सांगून काढायला लावलं. मग त्यांची नजर भिंतीपाशी गेली. तिथं एक घडी घातलेलं पोतं पसरलं होतं आणि त्याच्या शेजारी फरशीवर फिकट गोल खुणा होत्या, एकावर एक, एकात एक, खूप. कपाच्या बुडाएवढ्या.

आपली खोली कुठं, खाट कुठं, हे त्यांनी मनात जुळवून पाहिलं. पोतं बरोबर खाटेच्या वर येत होतं.

“अनिता,” त्या म्हणाल्या, “पहाटं तितं येऊन बसतीस तू. माझ्यावर कशाचा राग हाय तेवढं सांग एकदा.”

अनितानं मान उचलून मागं पाहिलं.

“मी कुठं बसते आत्या? मला एवढ्या पहाटं जाग येती व्हय?”

“मग ह्या खुणा कुणाच्या?”

अनितानं उत्कर्षाकडं पाहिलं. उत्कर्षा म्हणाली, “पप्पांच्या. पप्पा रोज बसतात तिथं चहा घेऊन. तू खोकलीस की उठतात.”

“आणि न्हाय खोकले तर?”

“तर मला खाली पाठवत्यात,” अनिता म्हणाली. “सरळ विचारायचं न्हाय म्हणं, आई घाबरंल. मग मी काय विचारू? हळद मागते.”

छबूबाईंनी त्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या. धपधप चालणारा त्यांचा मुलगा रोज पहाटे टाचा उचलून चालत होता, आणि त्यांनी ती पावलं सुनेच्या नावावर मांडून वर तिच्यावर मनातल्या मनात रुसून ठेवलं होतं. कानांनी पाठ असलेल्या मजल्यात ही एवढी मोठी चूक निघाली, तर बाकी काय काय चुकलं असेल, याची त्यांना आता फार उत्सुकता लागली. पण दांडी खाली ओढलेली होती. वीज आली की खोकं खाली जाणार, खाली मंदा, मंदाच्या मांडीवर पिशवी, पुढं रस्त्याकडं तोंड केलेली गाडी.

त्यांनी खोक्याचं दार चाचपून पाहिलं. भिंतीला भिडलेलंच होतं.

तिकडं डीपीवर केबल बदलून झाली होती. केबल बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली की सगळ्या मोटरी उलट्या फिरतात, हे कन्हेरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून डीपीचं काम झालं की जो तो आधी आपल्या पंपाकडं पळतो. त्या दिवशी वीज आली, सगळ्या शिवारातल्या मोटरी ऑटोवर सुरू झाल्या आणि सगळ्या उलट्या फिरल्या. कुणाचं काही बिघडलं नाही, फक्त नळाला पाणी येईना. ज्ञानेशच्या मोटरीला मात्र पाणी जोडलेलं नव्हतं, आई जोडलेली होती.

ऑटोनं आपलं काम केलं. मोटर गुरगुरली. मंदा पिशवी सांभाळत उठली. आणि दांडी खाली असताना खोकं वर निघालं.

सगळ्यात आधी ते बुद्धघोषला कळलं. तो पेटीकडं धावला, त्यानं दांडी मधे आणायला हात घातला, पण ज्ञानेशनं ती घाईत इतक्या जोरात ओढली होती की ती अडकून बसली होती. डीपीपासून ज्ञानेश पळत येताना दिसत होता, पण मधे अख्खा ऊस होता.

छबूबाईंच्या डोळ्यांसमोरून फरशी खाली सरकली. उत्कर्षाचं तोंड, अनिताचे खांदे, मग बाल्कनी गुडघ्याएवढी, मग वीतभर. यारी सावकाश ओढायची, विहिरीतला दगड काढायची तिला सवय होती. दार भिंतीपासून सुटलं. छबूबाईंनी ते ढकललं. खोक्याचा तळ फरशीच्या बरोबरीला आला आणि तसाच वर जात राहिला. गुडघ्यांचं मत घ्यायला वेळ नव्हता. छबूबाईंनी फोनची फळी सोडली आणि पाय बाहेर टाकला.

अनितानं त्यांना कवेत धरलं, उत्कर्षानं अनिताला धरलं, आणि तिघी हॉलच्या दारात बसकण मारून पडल्या. सव्वा पोत्याचा अंदाज थोडा कमीच होता, असं अनिता पुढं सांगायची.

रिकामं खोकं पुढं गेलं. ते यारीला जाऊन भिडलं, तरी मोटर ओढतच होती. मग खोकं थांबलं आणि यारी वाकायला लागली. ती टाकीवर कलली, टाकी जागची हलली, एक बाजू फाटली, आणि सगळं पाणी एकदम खाली आलं. पहिलं ते मंदाच्या अंगावर आणि पिशवीवर आलं. मग गाडीच्या उघड्या खिडकीतून जावयांच्या पँटवर. उरलेलं बुद्धघोषच्या दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं, जिथं चाचणीत शिवण उसवलेली पोती त्यानं तशीच ठेवली होती. बुद्धघोषनं अखेर वायरच उपटली. खोकं तिरकं लटकत राहिलं, दार उघडं, काचा फुटून खाली पडलेल्या.

ज्ञानेश उसातून बाहेर आला तेव्हा त्याला एवढंच दिसलं: उघड्या दाराचं रिकामं खोकं. तो मधेच थांबला. त्याला पुढं येववेना. भागूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि वरच्या मजल्याकडं बोट केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही जास्तीचं सांगावंसं वाटलं नाही.

तो जिन्यानं वर आला. छबूबाई भिंतीपाशी पोत्यावर बसल्या होत्या, पाय पसरून, पदर नीट करत. ज्ञानेश दारातच उभा राहिला. त्याच्या पायाला चिखल होता.

“ये, बस हितं,” छबूबाई म्हणाल्या. “जागा बरी हाय ही.”

मंदाही वर आली होती. केसांतून पाणी गळत होतं, पिशवी हातात होती, तिच्यातूनही पाणी गळत होतं. तिनं आईला हात लावून पाहिलं, गुडघे दाबून पाहिले, मग भावाला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, बरंच होतं. शेवटी तिनं आईकडं वळून विचारलं, चलतेस ना.

“मी हितं ऱ्हाते, मंदे.”

“आणि खाली कशी येणार तू? लिफ्ट ती तशी झाली. जिना तुला जमत न्हाय.”

“मला कुठं जायचंय खाली? तुमी या की वर. तुमचं गुडघं चांगलं हायेत.”

मंदानं ज्ञानेशकडं पाहिलं. तो मान खाली घालून फरशीकडं बघत होता. मग तिनं पिशवी उघडली, आईची लुगडी एकेक पिळली आणि बाल्कनीच्या उरलेल्या कठड्यावर वाळत टाकली. जावयांना खालून वर बोलावलं. अनितानं त्यांना ज्ञानेशची लुंगी दिली. बुद्धघोष हातात ओल्या युरियाचा नमुना घेऊन आला. दुकानात साचलेलं हे पाणी सरळ उसाला सोडलं तर खत वाया जाणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते ज्ञानेशनं स्वखर्चानं सोडावं असंही होतं. ज्ञानेशनं मान हलवली. भागूबाई जिना चढून आल्या आणि दम घेत घेत परातीबद्दल काही बोलायच्या आत छबूबाईंनी त्यांना बसायला जागा करून दिली.

थोडा वेळ सगळे एकाच वेळी बोलत होते. मग जरा शांत झालं तेव्हा छबूबाईंनी ज्ञानेशच्या पाठीवर हात ठेवला.

“मला एक सांग,” त्या म्हणाल्या. “दांडी खाली होती. मग खोकं वर आलं कसं?”

ज्ञानेशनं वर पाहिलं. आई चिडलेली नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं. त्यानं नाक पुसलं, फरशीवर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि तीन रेघा ओढल्या. ह्या तीन वायरी, तो म्हणाला. ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी. आता समज, ह्या दोघींनी जागा बदलल्या. बुद्धघोष म्हणाला, तसं नाही, आधी मोटर कशी फिरते ते सांग. अनिता म्हणाली, चहा टाकते, मी आल्याशिवाय सांगू नका. छबूबाईंनी गुडघे चोळत पुढं सरकून त्या तीन रेघांकडं नीट पाहिलं आणि विचारलं की मुळात तीन कशाला लागतात, दोनात भागत नाही का.